आधी मागणे, मग मान तुकवणे

प्रार्थनेतील शरणागती म्हणजे इच्छांचा त्याग, असा सर्वसाधारण समज आहे. ज्याला काही हवेसे उरलेले नाही आणि जे वाट्याला येईल ते जो निमूटपणे स्वीकारतो, तोच ईश्वरापुढे खरा विनम्र, ही धारणा ख्रिस्ती समाजातही पुष्कळ रुजलेली आहे आणि मर्तिकाच्या वेळच्या सांत्वनातून ती आजही ऐकू येते. परंतु ख्रिस्ती परंपरेने शरणागतीचा आदर्श म्हणून जी प्रार्थना सतत डोळ्यांसमोर ठेवली, ती या धारणेत मुळीच बसत नाही, कारण तिच्या केंद्रस्थानी एक स्पष्ट मागणी आहे, ती एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा केलेली आहे आणि ती पुरी झालेली नाही.

ही प्रार्थना येशूने अटकेच्या रात्री यरुशलेमजवळ, जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गेथशेमाने नावाच्या जागी केली. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन आणि शिकवण सांगणाऱ्या नव्या करारातील ग्रंथांत, तिचा वृत्तांत येतो. शिष्यांबरोबरचे शेवटचे भोजन आटोपल्यावर येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना सोबत घेऊन थोडा पुढे जातो, आपला जीव दुःखाने व्याकूळ झाल्याचे त्यांना सांगतो, जागे राहण्याची विनंती करतो आणि जमिनीवर पडून आपल्यापुढचा प्याला टळावा असे पित्याकडे मागतो. जुन्या कराराच्या भाषेत प्याला म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला भोग, आणि पुष्कळदा ईश्वरी कोपाचा घोट. या मागणीला तो लगेच एक पुस्ती जोडतो, की आपल्या मनासारखे नव्हे, तर पित्याच्या मनासारखे व्हावे. मत्तयाच्या वृत्तांतात हे तीन वेळा घडते, आणि तिन्ही वेळा शिष्य झोपी गेलेले असतात.

ही गोष्ट प्राचीन वाचकांना खटकली यात नवल नाही. विषाचा प्याला शांतपणे ओठांना लावणारा सॉक्रेटीस ज्यांच्यापुढे आदर्श होता, त्या ग्रीक संस्कारांच्या माणसांना मृत्यूच्या भयाने विव्हळणारा देवपुत्र हा विनोदच वाटला असला पाहिजे. दुसऱ्या शतकातील सेल्सस या ख्रिस्तीविरोधी लेखकाने नेमके याच प्रसंगावर बोट ठेवले होते, आणि त्याचे आक्षेप आज ज्ञात आहेत ते ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्यांना दिलेल्या सविस्तर उत्तरामुळे. शुभवर्तमानांच्या लेखकांना हा प्रसंग गाळणे अवघड नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानात तो या रूपात येतही नाही. तरीही तिघांनी तो ठेवला, आणि पुढे सहाशे वर्षांनी याच काही वाक्यांच्या अर्थावरून एका वृद्ध संन्याशाला आपली जीभ आणि उजवा हात गमवावा लागला.

त्याचे नाव मॅक्सिमस. इ.स. 580 च्या सुमारास जन्मलेल्या या संन्याशाच्या काळात पूर्व रोमन साम्राज्य आधी इराणी आणि मग अरब आक्रमणांनी हादरले होते, आणि इजिप्त व सीरियातील जे ख्रिस्ती लोक राजधानीच्या अधिकृत सिद्धान्ताशी सहमत नव्हते त्यांना जवळ आणण्याची सम्राटांना निकड वाटत होती. अधिकृत सिद्धान्तानुसार ख्रिस्ताच्या ठायी दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव होते. विरोधकांना ही विभागणी मान्य नव्हती. तोडगा म्हणून असे सूत्र पुढे आले, की स्वभाव दोन असले तरी ख्रिस्ताची इच्छा मात्र एकच, म्हणजे दैवी, होती. सम्राट हेराक्लियसने 638 मध्ये या सूत्रावर राजाज्ञेची मोहोर उमटवली आणि त्याचा नातू दुसरा कॉन्स्टन्स याने 648 मध्ये या विषयावरील सगळ्या चर्चेलाच बंदी घातली. राजकारण म्हणून ही तडजोड समजण्यासारखी होती.

मॅक्सिमसने तिला विरोध केला आणि त्यासाठी गेथशेमानेच्या प्रार्थनेचा आधार घेतला. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा, की ख्रिस्ताच्या ठायी मानवी इच्छा नव्हतीच असे मानले तर त्या रात्रीची प्रार्थना केवळ देखावा ठरते. देव स्वतःशीच बोलतो आणि स्वतःचेच म्हणणे स्वतः मान्य करतो, असा त्याचा अर्थ होतो. मृत्यूपासून मागे सरणे हे मानवी देहाला आणि मनाला स्वाभाविक आहे, त्यात पाप नाही, आणि ते मागे सरणे खरे असेल तरच त्यानंतरचा होकारही खरा असू शकतो. याहून पुढे जाऊन मॅक्सिमसने असेही दाखवले, की तो होकारदेखील मानवी इच्छेचाच होता: दैवी इच्छेने मानवी इच्छेला चिरडले नाही, तर मानवी इच्छेने आपणहून तिच्याशी मेळ साधला. शरणागतीच्या विचारात हा मुद्दा निर्णायक ठरतो, कारण ज्याला इच्छाच नाही तो शरण जाऊ शकत नाही. तो फार तर रिकामा असतो.

राजाज्ञेविरुद्ध बोलल्याबद्दल मॅक्सिमसवर खटले चालले, त्याला हद्दपार करण्यात आले आणि 662 मध्ये, ऐंशी ओलांडल्यानंतर, त्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला आजच्या जॉर्जियातील लाझिका प्रांतात पाठवण्यात आले. तेथे तो त्याच वर्षी वारला. पुढे 680–681 मध्ये कॉन्स्टन्टिनोपल येथे भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेने, म्हणजे सर्व प्रांतांच्या बिशपांच्या सभेने, ख्रिस्ताच्या ठायी दोन इच्छा होत्या असा निर्णय दिला, जो कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रमुख प्रॉटेस्टंट पंथांना आजही मान्य आहे. त्या परिषदेच्या निर्णयात मॅक्सिमसचे नाव मात्र आलेले नाही.

गेथशेमानेतील पुस्तीचे शब्द मत्तयाच्या वाचकाला नवे नसतात. याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना जी प्रार्थना शिकवतो आणि जी पुढे प्रभूची प्रार्थना म्हणून सर्व ख्रिस्ती पंथांच्या तोंडी बसली, तिच्यातील तिसरी विनंती हीच आहे, की ईश्वराची इच्छा पूर्ण व्हावी. संकटापुढे हात टेकताना ही विनंती इतक्या वेळा उच्चारली गेली आहे, की तिचा सूर हताशेचा आहे असेच अनेकांना वाटते. तिचे मूळ स्थान पाहिले तर चित्र पालटते. स्वर्गात ईश्वराच्या इच्छेला कोणी अडवत नाही, पृथ्वीवर ती सतत अडवली जाते, आणि हे अंतर मिटावे अशी ती मागणी आहे. म्हणजे जे चालले आहे ते तसेच चालू द्या, याच्या नेमके उलट. मार्टिन ल्यूथरने 1529 मध्ये सामान्य कुटुंबांसाठी लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत या विनंतीचा अर्थ लावताना, ईश्वराची इच्छा माणसाच्या प्रार्थनेवाचूनही पूर्ण होतेच, परंतु ती आपल्यामध्येही व्हावी म्हणून ही विनंती करायची, असे स्पष्ट केले आहे. आणि ही विनंती म्हणून होताच भाकरीची मागणी येते, हेही विसरून चालत नाही. ईश्वराची इच्छा मान्य केलेल्या माणसाने जेवणाचे नाव काढू नये, असे येशूला वाटलेले दिसत नाही.

विनम्रतेची सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती गोष्ट लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा एक परूशी आणि रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा, म्हणून लोकांच्या लेखी भ्रष्ट असलेला एक जकातदार, असे दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपले उपास आणि दानधर्म देवापुढे मांडतो आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल आभार मानतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहण्याचे धाडस करत नाही, छाती बडवून दया मागतो, आणि येशूच्या मते देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो तो हाच. ही दृष्टान्तकथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या अगदी आधी, त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, कोणती गोष्ट आहे याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. तेथे एक विधवा एका बेपर्वा न्यायाधीशाच्या मागे न्यायासाठी असा तगादा लावते, की तो वैतागून तिचे काम करून टाकतो. आणि प्रार्थना कशी करावी हे शिकवण्यासाठीच येशू ही गोष्ट सांगतो. मान खाली घातलेला जकातदार आणि हटून बसलेली विधवा यांना लूकने शेजारी शेजारी ठेवले आहे. दोघांत विरोध वाटतो तो विनम्रतेची गल्लत दबून राहण्याशी केल्यामुळे. दोघांपाशीही मिरवण्यासारखे काही नाही, दोघेही मागतात, आणि परूशी मात्र काहीच मागत नाही. त्याच्या प्रार्थनेतील खरी उणीव हीच म्हणावी लागेल.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाने या गोष्टीला आपल्या वार्षिक उपासनाक्रमात मोठ्या मार्मिकपणे बसवले आहे. ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासकाळाची तयारी ज्या रविवारी सुरू होते, तो रविवार परूशी व जकातदार यांच्या नावाचा असतो, आणि त्यानंतरच्या आठवड्यात एरवी बुधवारी व शुक्रवारी पाळला जाणारा उपास करायचाच नाही असा नियम आहे. उपासाचा अभिमान मिरवणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकल्याबरोबर कोणी उपास मोजू लागू नये, हा त्यामागचा भाव सांगितला जातो. याच जकातदाराच्या याचनेपासून पूर्वेकडील मठांतील येशूनामाची प्रार्थना घडली. येशूला हाक मारून आपण पापी असल्याची कबुली देत दया मागणारे ते एकच वाक्य श्वासाच्या लयीत अखंड घोळवले जाते, आणि नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला त्याची रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

विनम्रतेची गफलत आत्मनिंदेशीही सहज होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीच्या सातव्या अध्यायात विनम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतील काही, विशेषतः स्वतःला सर्वांहून हीन मानण्याची पायरी, आजच्या वाचकाला जाचक वाटल्याशिवाय राहत नाही. या बाबतीत सोळाव्या शतकातील स्पॅनिश संन्यासिनी अविलाची तेरेसा अधिक भरवशाची वाटाड्या आहे. 1577 मध्ये लिहिलेल्या आपल्या ‘आंतरिक किल्ला’ या ग्रंथात तिने विनम्रतेचा संबंध थेट सत्याशी जोडला: माणूस जसा आहे तसा स्वतःला पाहणे, कमी नाही आणि जास्तही नाही. स्वतःतील गुण नाकारत बसणाऱ्या खोट्या विनम्रतेविरुद्ध तिने आपल्या भगिनींना वारंवार बजावले.

शरणागतीच्या विचाराला सतराव्या शतकात कॅथलिक युरोपात एक विलक्षण वळण लागले. रोममध्ये राहणारा स्पॅनिश धर्मगुरू मिगेल दे मोलिनोस याने 1675 मध्ये ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते झपाट्याने लोकप्रिय झाले. आत्म्याने ईश्वरापुढे पूर्ण निश्चल व्हावे, स्वतःची कोणतीही हालचाल करू नये, असा त्याच्या शिकवणुकीचा रोख होता, आणि तिच्या अनुयायांना पुढे निश्चलतावादी म्हटले जाऊ लागले. वरवर पाहता विनम्रतेची याहून उंच पायरी असू शकत नाही. तरीही 1685 मध्ये मोलिनोसला अटक झाली, 1687 मध्ये अकराव्या इनोसंट या पोपने त्याच्या शिकवणुकीतील अडुसष्ट विधाने त्याज्य ठरवली आणि 1696 मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. त्या विधानांत एक असे होते, की ज्याने स्वतःला ईश्वराच्या इच्छेवर सोपवले आहे त्याने ईश्वराकडे काही मागणे योग्य नाही, कारण मागणे हे स्वतःच्या इच्छेचे काम आहे.

फ्रान्समध्ये याच वादाची दुसरी फेरी झडली. मादाम गुयाँ या विधवेने आपल्या पुस्तकांतून निरपेक्ष प्रेमाची आणि शांत प्रार्थनेची शिकवण दिली, त्यापायी तिला कित्येक वर्षे कैदेत, काही काळ बॅस्तीयच्या किल्ल्यातही, काढावी लागली. तिची बाजू घेणारा आर्चबिशप फेनेलाँ आणि तिचा कडवा विरोधक बिशप बोस्सुए यांची लेखणीची लढाई साऱ्या युरोपाने पाहिली. 1699 मध्ये पोपने फेनेलाँच्या पुस्तकातील तेवीस विधाने नाकारली आणि फेनेलाँने तो निर्णय जाहीरपणे मान्य केला. या साऱ्या प्रकरणात राजदरबारातील हेवेदावे होते, छळ होता, आणि गुयाँसारख्या स्त्रीला मिळालेली वागणूक कोणत्याही निकषावर समर्थनीय नाही. शिक्षेची पद्धत बाजूला ठेवून सिद्धान्ताचा प्रश्न पाहिला, तर मात्र चर्चने राखलेली सीमा मॅक्सिमसने आखलेलीच होती. मागणे वजा केले की गेथशेमानेची प्रार्थनाच उरत नाही.

शांत प्रार्थनेला किंवा समर्पणाला चर्चचा विरोध नव्हता, हे इग्नेशियस लोयोलाच्या उदाहरणावरून दिसते. पाँपलोनाच्या लढाईत 1521 मध्ये तोफगोळ्याने जायबंदी झालेला हा सरदार पुढे जेझुइट संघाचा संस्थापक झाला, आणि 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एक समर्पणाची प्रार्थना आहे, जिच्यात साधक आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा ईश्वराच्या स्वाधीन करतो. ती सुमारे तीस दिवसांच्या साधनेच्या शेवटी येते. तत्पूर्वी प्रत्येक ध्यानाच्या आरंभी आपल्याला नेमके काय हवे आहे ते मागावे, असा इग्नेशियसचा दंडक आहे. महिनाभर रोज मागणी करून झाल्यावर साधक इच्छाच अर्पण करतो. त्या वेळी ती त्याला चांगली ओळखीची झालेली असते.

शरणागतीच्या शिकवणुकीचा सर्वांत कठोर दुरुपयोग सत्तेच्या हाती झाला. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील आफ्रिकी गुलामांसाठी 1807 मध्ये लंडनमध्ये बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापण्यात आले. त्यात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे सांगणारा उपदेश ठेवला होता आणि मोशेच्या नेतृत्वाखाली इस्राएल लोक मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची हकीकत वगळली होती. संपादकांना काय काढले पाहिजे हे अचूक कळले होते, असेच म्हणावे लागते. ईश्वराची इच्छा सांगण्याचे काम मालकाने हाती घेतले की शरणागतीचा अर्थ मालकाला शरण जाणे एवढाच उरतो, आणि मारकुट्या नवऱ्याच्या घरी परत पाठवल्या गेलेल्या अनेक बायकांनाही हाच उपदेश ऐकावा लागला आहे. गेथशेमानेत येशूने ती वाक्ये स्वतःबद्दल उच्चारली. पेंगुळलेल्या शिष्यांना त्याने जागे राहायला आणि प्रार्थना करायला सांगितले. माझा मृत्यू ही ईश्वराची इच्छा म्हणून मान्य करा, असा आग्रह त्या घटकेला त्याने त्यांच्याकडे धरलेला नाही.

अमेरिकेतील आफ्रिकी गुलामांच्या वंशजांमध्ये ही प्रार्थना पुढे कशी वापरली गेली, याचे उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. मॉन्टगोमेरी शहरातील वर्णभेदाविरुद्धच्या बसबहिष्काराचे नेतृत्व करणाऱ्या या सत्तावीस वर्षांच्या पाळकांना जानेवारी 1956 च्या अखेरीस एका रात्री जिवे मारण्याची धमकी देणारा फोन आला. झोप उडाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली, भेकड न ठरता या सगळ्यातून अंग कसे काढून घेता येईल याचा विचार केला, आणि मग टेबलाशी बसून आपली शक्ती संपली आहे, आपल्याला भीती वाटते, हे मोठ्याने देवापुढे कबूल केले. न्यायासाठी उभे राहण्याचे बळ आपल्याला त्या कबुलीनंतरच मिळाले, असे त्यांनी लिहिले आहे. तीनच रात्रींनी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी व तान्ही मुलगी बचावली, आणि बाहेर संतापून जमलेल्या जमावाला किंग यांनी शस्त्रे घरी ठेवायला सांगितले.

मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला या परंपरेचा वारसा युरोपीय मिशनऱ्यांकडून मिळाला, पण तिचा सूर घडला तो वारकरी संतांच्या वाणीवर. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला जाब विचारणारे आणि त्याच्याच पायांवर लोळण घेणारे तुकोबा ज्यांच्या कानांत होते, त्यांना मागणे आणि शरण जाणे एकाच अभंगात असू शकते हे वेगळे शिकवावे लागले नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, आणि त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून आजही रविवारच्या उपासनेत म्हटली जातात. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने राहून ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळावा उभा केला. 1919 मध्ये ते वारले.

त्यांच्या शरणागतीची झळ मात्र घरात आणखी कोणाला तरी सोसावी लागली. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाई टिळक पार कोसळल्या, काही वर्षे दोघे दूर राहिले, आणि जातिभेद व सोवळेओवळे यांविषयीचे आपले मन कसकसे पालटत गेले ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या खास मिस्कील प्रामाणिकपणाने सांगितले आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी, झाला. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते, पण आरंभीचे काही अध्याय होताच ते थांबले. उरलेला मोठा भाग, शुभवर्तमानांतील अखेरच्या रात्रीसह, पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केला.